फायरप्लेसची निगा आणि धुराची वाट

बॉस्टनच्या पश्चिमेला आम्ही घर घेतले त्याला आता सात वर्षे होतील. घर 1950च्या दशकातले, लाकडी सांगाड्याचे, आणि दिवाणखान्याच्या एका भिंतीत विटांनी बांधलेली, लाकडे जाळायची खरीखुरी फायरप्लेस. माझे बालपण वाईला गेले. तिथल्या परसात तांब्याचा बंब होता. पहाटे त्यात बंबफोड घालून तो पेटवण्याचे काम वडिलांचे आणि संध्याकाळी त्याच्या खालची राख काढण्याचे काम माझे, असा शिरस्ता होता. त्यामुळे फायरप्लेस पाहताच हे आपल्याला येते, असे मला वाटून गेले. जाळ करणे मला येत होते हे खरेच आहे. पण ज्या बंबाचा धूर हातभर नळीतून सरळ उघड्या हवेत जात होता त्याची निगा, आणि ज्या जाळाचा धूर घराच्या पोटातून, लाकडी तुळयांना खेटून, वीस-बावीस फूट चढून छपराबाहेर पडतो त्याची निगा, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

तो पहिला हिवाळा मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण तेव्हा आमच्याकडून ज्या चुका झाल्या त्याच बहुतेक नवख्या घरांत होतात. नोव्हेंबरात थंडी सुरू झाल्यावर घाईघाईने आम्ही लाकडे मागवली. विकणाऱ्याने ती वाळलेली असल्याचे सांगितले आणि आम्हीही विश्वास ठेवला. ओकची लाकडे होती, जड होती, आणि जड म्हणजे चांगली अशी माझी समजूत होती. जाळात घातल्यावर त्यांच्या टोकांतून चुरचुर आवाज करीत फेस येई. जाळ धड पेटत नसे, नुसता धुमसत राही, आणि फायरप्लेसची काचेची दारे एका संध्याकाळीच काळीभोर होत. उष्णता वर निघून जाते म्हणून आम्ही धुराच्या तोंडाशी असलेली लोखंडी झडप, म्हणजे डँपर, अर्धी ओढून घेत होतो. तो शहाणपणा आहे असे आम्हाला वाटत होते. प्रत्यक्षात आम्ही ओल्या लाकडाच्या गार, दाट धुराला आणखी सावकाश वर जायला लावत होतो.

मार्चमध्ये चिमणी तपासणारा कारागीर आला. त्याने जमिनीवर जाड कापड अंथरले, डोक्याला दिवा लावला आणि लांब काठीच्या टोकाला बसवलेला कॅमेरा नळीतून वर नेला. छोट्या पडद्यावर मी जे पाहिले ते काजळीसारखे नव्हतेच. नळीच्या भिंतींवर काळा, चकचकीत लेप ओघळून थिजलेला होता. त्याचा एक तुकडा त्याने खरवडून माझ्या तळहातावर ठेवला. आमच्या भागात गुऱ्हाळावर काकवी सांडून वाळली की ती जशी काळसर, काचेसारखी ठिसूळ होते, तसाच तो तुकडा दिसत होता. फक्त वास डांबराचा होता आणि हाताच्या उबेने त्याची कड किंचित चिकट झाली होती. हे क्रिओसोट आहे आणि ते सरपणापेक्षाही जोमाने जळते, एवढेच त्याने सांगितले. त्यापुढचे मी स्वतः वाचून काढले.

लाकूड जळते तेव्हा त्यातले सगळेच जळत नाही. जाळ पुरेसा तापलेला नसेल, हवा कमी असेल किंवा लाकूड ओले असेल तर अर्धवट जळालेले तेलकट वायू आणि पाण्याची वाफ एकत्रच धुरातून वर जातात. चिमणीची भिंत गार असली, साधारण 120 अंश सेल्सिअसच्या खाली, की हे वायू तिच्यावर तसेच बसतात जसे पातेल्याच्या झाकणावर पाण्याचे थेंब जमतात. सुरुवातीला त्यांची भुरभुरीत काजळी होते, जी ब्रशने सहज निघते. पुढे तिचे कडक, चमकदार पापुद्रे होतात. आणि तेही तसेच राहू दिले, वर दर रात्री नवा धूर चढत गेला, की त्याचा तो डांबरी लेप होतो जो कोणत्याही ब्रशला दाद देत नाही. एखाद्या रात्री मोठ्या जाळाची ज्वाळा वर पोचली तर हा लेप नळीतच पेट घेतो. अशी आग 1,100 अंशांच्या आसपास जाऊ शकते. ती लागली की लोक मालगाडी धडधडत गेल्यासारखा आवाज आल्याचे सांगतात. नळीच्या आत बसवलेल्या भाजक्या मातीच्या टाइल्सना त्या तापाने तडे जातात, आणि त्या तड्यांतून ज्वाळा भिंतीतल्या लाकडापर्यंत पोचली की घर वाचवणे अवघड होते. कित्येकदा मात्र अशी आग मंदपणे लागून विझूनही जाते आणि घरातल्यांना तिचा पत्ताच लागत नाही. पुढच्या वेळी धूर त्याच तड्यांतून भिंतीत शिरतो. म्हणूनच इथल्या अग्निसुरक्षेच्या मानकांत, म्हणजे एनएफपीए 211 मध्ये, चिमणी वापरात असो वा नसो, तिची वर्षातून एकदा तपासणी करावी असे सांगितले आहे. भुरभुरीत काजळीसुद्धा 3 मिलिमीटर जाडीची झाली की नळी साफ करून घेण्याची वेळ आली असे समजतात, आणि चकचकीत लेप दिसला तर जाडी मोजत बसायचेच नसते.

आमच्या टाइल्स सुदैवाने शाबूत होत्या. लेप काढायला कारागिराला दोनदा यावे लागले. एकदा त्याने रासायनिक पूड फवारून तो ठिसूळ केला आणि दुसऱ्या वेळी साखळ्या गरगर फिरवणारे यंत्र नळीतून चालवून त्याच्या ढलप्या पाडल्या. खाली दोन बादल्या भरतील इतका काळा चुरा जमला. तो पाहिल्यावर माझ्या मनाने जे घेतले ते असे, की फायरप्लेसची निगा म्हणजे मुख्यतः धुराच्या वाटेची निगा. समोरच्या विटा, राखेचा कप्पा, काचेची दारे या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी आपण उत्साहाने घासतो, आणि जिथे खरा धोका साठत असतो ती नळी नजरेआड राहते. शिवाय ती वाट स्वच्छ ठेवण्याचे निम्म्याहून अधिक काम ब्रशने होतच नाही. ते लाकडाच्या निवडीत होते.

सुक्याबरोबर ओलेही जळते ही आपली म्हण फायरप्लेसमध्ये शब्दशः खरी ठरते. पण जळताना ते ओले चिमणीत काय मागे ठेवून जाते हे त्या म्हणीत येत नाही. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. जाळण्याजोग्या लाकडात ओलावा 20 टक्क्यांहून कमी हवा. तो मोजायचे दोन टोकदार काट्यांचे छोटे यंत्र हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते, मात्र काटे लाकडाच्या टोकाला किंवा सालीवर टोचून उपयोग नाही. ओंडका मधोमध फोडून ताज्या उघड्या पडलेल्या भागावर मोजले तरच खरा आकडा कळतो, कारण लाकूड बाहेरून आधी वाळते आणि आत ओलेच असते. यंत्र नसेल तर दोन फाळके एकमेकांवर आपटून पाहावेत. सुकलेले लाकूड खणखणीत वाजते आणि ओले बद्द बोलते. माठ घेताना आजी ज्या कानाने तो वाजवून घेत असे त्याच कानाने मी आता सरपण निवडते. वाळलेल्या लाकडाच्या टोकाला मधून निघून कडेपर्यंत जाणाऱ्या भेगा असतात, साल सुटू लागलेली असते आणि रंग करडा पडलेला असतो.

गुऱ्हाळावर उसाची चिपाडे अंगणभर पसरून उन्हात कडकडीत वाळल्याशिवाय कोणी चुलाणात घालत नाही. इथे तेच काम काही दिवसांऐवजी काही ऋतूंचे होते. बर्च, ॲश यांसारखी लाकडे फोडून रचली तर एका उन्हाळ्यानंतर पुष्कळदा तयार होतात. ओकला दोन वर्षे द्यावीत. रचताना ती जमिनीला टेकू नयेत म्हणून खाली फळ्या घालाव्यात, बाजू वाऱ्याला उघड्या ठेवाव्यात आणि झाकायचे ते फक्त वरून. पहिल्या वर्षी आम्ही ताडपत्रीने रास चहूबाजूंनी गुंडाळली होती आणि आत बुरशी धरली. इथे लाकूड कॉर्डवर विकतात. 4 फूट रुंद, 4 फूट उंच आणि 8 फूट लांब अशी नीट रचलेली रास, म्हणजे 128 घनफूट, हा एक कॉर्ड होतो. गाडीतून ओतलेला ढीग पाहून अंदाज करू नये, रचून मोजावे. लाकूड जवळपासचेच घ्यावे, लांबून आणू नये. 2008 मध्ये आमच्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर शहरात आशियाई लांबशृंगी भुंगा सापडला, तेव्हा त्याला आवर घालण्यासाठी त्या भागातली हजारो झाडे, त्यांत कितीतरी मेपल, तोडावी लागली. अशी कीड सरपणातून गावोगाव पोचते, म्हणून तिथून लाकूड बाहेर नेण्यावर निर्बंध आले. रंग दिलेले, औषध मारलेले किंवा प्लायवुडचे तुकडे, भेटवस्तूंचे चकचकीत कागद आणि पुठ्ठ्याची खोकी फायरप्लेसमध्ये कधीही टाकू नयेत.

जाळ पेटवण्याची माझी रीतही मला बदलावी लागली. चुलीत खाली काटक्या आणि वर लाकूड असते. इथे मी आता त्याच्या उलट करते: खाली जाड फाळके, त्यांवर बारीक फोड, आणि सगळ्यांत वर काटक्या-कुटक्या व कागद. जाळ वरून खाली उतरत जातो, त्यामुळे खालच्या लाकडातून सुटणारा धूर वरच्या ज्वाळेतून जाताना जळून जातो आणि नळीही लवकर तापते. पेटवण्यापूर्वी डँपर पूर्ण उघडून, वर्तमानपत्राची पेटती सुरळी क्षणभर त्याच्या तोंडाशी धरावी. रात्रभर गारठलेल्या नळीत थंड हवेचा खांब बसलेला असतो, त्याला असा ढोसल्याशिवाय धूर वर चढत नाही. एकदा मात्र हे सगळे करूनही धूर खोलीत आला. मी घाबरून चिमणीत काय अडकले ते पाहू लागले, आणि कारण स्वयंपाकघरात निघाले. आमटीच्या फोडणीसाठी ह्यांनी शेगडीवरचा मोठा पंखा पूर्ण वेगाने लावला होता. आधीच बंदिस्त असलेल्या घरातली हवा तो बाहेर फेकत होता, आणि ती भरून काढायला बाहेरची हवा चिमणीतूनच खाली येत होती. तेव्हापासून फायरप्लेस पेटलेली असताना तो पंखा बंद असतो किंवा जवळची खिडकी बोटभर उघडी असते. धूर निदान दिसतो आणि डोळ्यांना झोंबतो, पण त्याच्याबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास. त्याचा इशारा देणारी यंत्रे इथल्या घरांत 2006 पासून कायद्याने लावावी लागतात. फायरप्लेस असलेल्या घराने दर महिन्याला त्यांचे बटण दाबून पाहावे.

आता राख. बंबाची राख मी गार झालेली काढत असे, कारण सकाळचा जाळ संध्याकाळपर्यंत विझलेलाच असे. फायरप्लेसच्या खोल राखेत मात्र निखारा दोन-दोन, क्वचित चार दिवसही जिवंत राहतो, आणि वरून पाहताना ती राख पांढरी, निवांत दिसते. कागदी पिशवीत किंवा प्लास्टिकच्या बादलीत भरून गॅरेजमध्ये ठेवलेल्या राखेने इथे दर हिवाळ्यात घरे पेटतात. आमच्याकडे घट्ट झाकणाची पत्र्याची बादली आहे. राख लोखंडी फावडीने त्यात भरायची, झाकण लावायचे आणि बादली घरापासून किमान 10 फूट दूर, लाकडी ओट्यावर नव्हे तर फरशीवर किंवा उघड्या जमिनीवर ठेवायची, हा आमचा न मोडणारा नियम आहे. तिथे ती आठवडाभर तशीच राहते. एकदा जानेवारीत, तीन दिवसांपूर्वीची बादली मी काठीने ढवळून पाहिली, तर राखेच्या तळाशी सुपारीएवढा निखारा लालबुंद निघाला आणि बाजूच्या बर्फाच्या उजेडात तो अधिकच लाल दिसला. घरातला नेहमीचा व्हॅक्यूम क्लीनर राखेला कधीही लावू नये. एकतर असा लपलेला निखारा पिशवी पेटवतो, आणि तो नसला तरी राखेचा बारीक कण गाळणीतून निसटून खोलीभर पसरतो.

हंगाम चालू असताना सगळी राख काढू नये. बोटाच्या पेराइतका, म्हणजे इंचभर थर खाली राहू द्यावा. त्यावर निखारे धग धरून राहतात आणि खालच्या विटांनाही तीव्र ताप लागत नाही. लाकडे ज्या जाळीवर रचतात तिच्या तळाला राख टेकू लागली की मात्र काढलीच पाहिजे, कारण मग खालून वारा मिळत नाही आणि जाळीही तापून वाकते. हंगाम संपल्यावर शेवटची चिमूटही राहू देऊ नये. इथल्या दमट उन्हाळ्यात राख हवेतली ओल शोषते आणि तिच्यातला क्षार डँपरचे लोखंड खाऊ लागतो.

त्या राखेचे काय करावे याचे उत्तर मला आजीकडूनच मिळाले होते. काचेच्या दारांवरची काजळी काढायला मी वर्तमानपत्राचा बोळा पाण्यात भिजवून पिळते, चाळलेल्या राखेत बुडवते आणि हलक्या हाताने गोल फिरवते. आजी याच राखेने पितळी पातेल्यांची बुडे घाशीत असे. दहा मिनिटांत काच लख्ख होते आणि बाजारातल्या फवाऱ्यांची गरज उरत नाही. फक्त राखेत खडा किंवा कोळसा राहता कामा नये, नाहीतर काचेवर ओरखडे उठतात. बागेत मात्र हात आखडता ठेवावा. राख जमिनीचा आम्लपणा चुन्यासारखाच कमी करते. न्यू इंग्लंडची जमीन मुळात आम्लधर्मी असल्याने भाजीच्या वाफ्यांना थोडी मानवते, पण वर्षाकाठी 1,000 चौरस फुटांना 10 ते 15 पौंडांपेक्षा अधिक घालू नये, आणि ब्लूबेरी, अझेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन यांच्या बुंध्याशी तर चिमूटभरही टाकू नये.

फायरप्लेसचा आतला भाग घासण्याबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. कडक ब्रशने वरून खाली झाडावे, विटांवर पाणी ओतू नये, आम्ल तर मुळीच वापरू नये. आतल्या विटा काळ्या असणे हा दोष नाही. नजर ठेवायची ती विटांमधल्या दरजांवर. केसासारखी रेघ चालते, पण दरजेतला चुना भुगा होऊन पडत असेल किंवा तिच्यात नाणे शिरत असेल तर ती उष्णता सोसणाऱ्या खास मसाल्यानेच भरून घ्यावी. साधे सिमेंट दोन जाळांत फुटते. डँपरच्या मागे एक आडवा कट्टा असतो, त्यावर वरून पडलेला चुरा, पाने, क्वचित मेलेले पाखरू साठते. हात वर घालून तोही रिकामा करावा लागतो, आणि हे काम करताना नाकावर चांगला मास्क व हातात मोजे असावेतच. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी 1775 मध्ये चिमण्या साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडून दाखवला होता. लहान मुलांना अशा नळ्यांत चढवण्याची तिथली प्रथा त्यानंतरही शंभर वर्षे चालली आणि 1875 च्या कायद्याने ती कुठे थांबली. हात काळे झाले की मला ती मुले आठवतात, आणि मी कोपरापर्यंत हात साबणाने धुते.

या विषयात जरा रमल्यामुळे मला आमच्या शेजारगावचा एक माणूसही भेटला. काउंट रम्फर्ड या नावाने प्रसिद्ध झालेले बेंजामिन थॉम्प्सन यांचा जन्म 1753 मध्ये इथल्याच वोबर्न गावचा, आणि ते घर अजून उभे आहे. 1790च्या दशकात त्यांनी लंडनमध्ये फायरप्लेसची रचनाच बदलली: तिचा खोलपणा कमी केला, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या म्हणजे उष्णता खोलीत परतते, आणि धुराचे तोंड अरुंद केले म्हणजे धूर रेंगाळत नाही. आमच्या फायरप्लेसच्या बाजूही तिरक्याच आहेत. त्या तशा का, हे कळल्यापासून मी त्या अधिक मनापासून झाडते.

तपासणी मी शरद ऋतूत नव्हे, मार्च-एप्रिलमध्ये करून घेते. ऑक्टोबरात सगळ्यांनाच एकदम आठवण होते आणि कारागीर मिळत नाहीत. शिवाय काजळी उन्हाळाभर नळीत राहिली तर जुलैच्या दमट हवेत तिचा उग्र वास घरात उतरतो. आणखी एक कारण आहे. पहिल्या वर्षी चिमणीच्या माथ्यावर जाळीचे झाकण नव्हते, आणि जूनमध्ये आतून घुमणारा फडफडाट व किलबिल ऐकू येऊ लागली. चिमणी स्विफ्ट या जातीच्या पाकोळ्यांनी नळीच्या भिंतीला लाळेने काटक्या चिकटवून घरटे केले होते. या पाकोळ्यांना फांदीवर बसता येत नाही, त्या उभ्या भिंतीलाच धरून राहतात, आणि थंडीत थेट दक्षिण अमेरिकेत जातात. 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने त्यांना संरक्षण असल्यामुळे पिल्ले असलेले घरटे हलवता येत नाही, आणि कायदा नसता तरी मी हलवले नसते. आम्ही डँपर घट्ट मिटून ऑगस्टअखेरपर्यंत थांबलो, त्या गेल्यावर घरटे काढले आणि मग जाळी बसवली. त्या जाळीमुळे पाऊस, पाने आणि खारी अडतात, ठिणग्याही बाहेर उडत नाहीत. छपरावर गेलेला कारागीर त्याच वेळी माथ्यावरच्या सिमेंटच्या उताराला भेगा आहेत का आणि चिमणी छपराला मिळते तिथली पत्र्याची पट्टी सुटली आहे का, हेही पाहतो, कारण विटांत मुरलेले पाणी हिवाळ्यात गोठून फुगते आणि वीट पापुद्र्यापापुद्र्याने सोलते.

या वर्षी कॅमेऱ्यात फक्त करडी, भुरभुरीत काजळी दिसली आणि अर्ध्या तासात ब्रशने निघाली. गेल्या आठवड्यात ओकची नवी गाडी आली. हे आणि मी दोन दिवस ती कुंपणाच्या कडेने रचत होतो. मधला एक ओंडका फोडून मोजला तर 38 टक्के आकडा आला. रांगेच्या पहिल्या फाळक्यावर खडूने महिना आणि साल लिहून ठेवले आहे; तिला हात लावायचा तो पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात.